नवव्या फळीतला जानराव

शिपायाची बंदूक वाकली होती. फार नाही, नळीच्या टोकाशी जराशी, गव्हाच्या ओंबीचं कुसळ वाकावं तेवढी. आचलनं ती नखाच्या कडेनं सरळ करून पाहिली, पण तेवढ्यात बस खड्ड्यात आदळली आणि तिनं हात थांबवला. कथलाचं काम एकदा वाकलं तर वाकलेलं चालतं, सरळ करायला गेलं की तुटतं, असं हे शिपाई ओतणाऱ्या फारुखभाईंनी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. शिपाई अंगठ्याएवढा. अंगावर जाड चिलखत, डोक्यावर टोप, तोंडावर मुखवटा, मुखवट्यातून निघालेली नळी पाठीवरच्या टाकीत गेलेली. डोळ्यांच्या जागी दोन खाचा. पायाखालच्या गोल चकतीवर नऊचा आकडा.

शेजारच्या सीटवरचा माणूस पुढच्याला बोंडअळीच्या पंचनाम्याबद्दल सांगत होता... तलाठी बांधावरूनच गेला, आत उतरलाच नाही... आणि सांगता सांगता तिच्या तळहाताकडे पाहत होता. शेवटी त्यानं विचारलंच.

"पोराले नेऊन राहिल्या का?"

"नाही, कामाचं आहे."

तो पुन्हा पुढच्याकडे वळला. तिलाही आणखी सांगता आलं नसतं. काय सांगायचं— की एक सूर्य विझत आलेला आहे, त्याच्याखालच्या एका चंद्रावर खाणी आहेत, खाणींतून जे वर येतात त्यांना फक्त 'खालचे' म्हणतात, त्यांना अडवायला माणसांनी नऊ फळ्या उभ्या केल्या होत्या आणि त्यातल्या आठ पडल्या आहेत... की 'नववी फळी' नावाचा हा खेळ पुण्यात बनतो, दोन माणसं टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहून प्रत्येकी साठ-साठ शिपाई मांडतात, पट्टीनं अंतर मोजतात, फासे टाकतात आणि मेलेले शिपाई उचलून डब्याच्या झाकणात ठेवतात? खेळणाऱ्यांत इंजिनियर असतात, डॉक्टर असतात. त्याचे नियम तिनं लिहिले होते. पुण्यात असताना, आणि दोन वर्षांपूर्वी अमरावतीला खोली घेऊन राहायला आली तेव्हापासून घरून.

आता कंपनीला त्याच खेळाचा दुसरा खेळ करून हवा होता. यात टेबल नाही, पट्टी नाही. चार-पाच जण बसतात, प्रत्येकाकडे एकच शिपाई. एक जण सूत्रधार होऊन समोर काय आहे ते सांगतो आणि बाकीचे आपला माणूस काय करतो ते सांगतात. ऐकायला सोपं. जुन्या खेळात शिपायाला चार आकडे होते, नेम, चिलखत, वेग, धीर. त्या चार आकड्यांचा माणूस करायचा होता. पाच महिन्यांत तिनं दोनशे पानं लिहिली, बंदुकांचीच चाळीस. पण धीराचं प्रकरण अडलं होतं. जुना नियम एका ओळीचा: अर्धी तुकडी पडली की फासा टाका, धीराहून कमी आला तर 'भंग', उरलेले पळाले समजून झाकणात. पुण्याहून संपादक फोनवर म्हणाला होता, "भंग तसाच ठेव. जुन्या लोकांना ओळखीचं वाटलं पाहिजे. आणि कधीच न खेळलेल्या दोन माणसांवर चालवून बघ." सोमवारी प्रकरण पाठवायचं होतं.

न खेळलेली माणसं अमरावतीतही मिळाली असती. अकोल्याला जायचं कारण वेगळं होतं, आणि ते बसमध्ये बसल्यापासून तिनं शिपायाच्या बंदुकीकडे पाहत टाळलं होतं. एका खेळाडूला साठ शिपाई लागतात तोवर ते ओतणाऱ्याला काम आहे. एका खेळाडूला एकच लागायला लागला, की...

फारुखभाईंचं कारखाना म्हणायचं ते घर जुन्या शहरातल्या एका गल्लीत होतं. पुढची खोली ओतकामाची, मागच्या दोन राहायच्या. आधी ते बैलांचे दागिने ओतायचे, गळ्यातल्या घंटा, घुंगरं, शिंगांच्या टोकांना बसवायच्या पितळी शेंब्या; भिंतीवरच्या फळीवर ते जुने साचे अजून होते. त्यांच्याखाली आता रबराचे गोल साचे, एकेका साच्यात बारा शिपाई.

"ये बेटा," ते म्हणाले. "गाडी लवकर भेटली वाट्टे."

"आधी पानी घेऊ द्या तिले," आबेदाभाभी आतून म्हणाल्या आणि पेला घेऊन आल्या. त्यांच्या बोटांना राखाडी रंग लागलेला होता. शिपाई रंगवायचं काम त्यांचं; चार केसांच्या ब्रशानं त्या मुखवट्याच्या खाचांत काळा रंग भरायच्या, दिवसाला चाळीस. खिडकीत वर्तमानपत्रावर वाळत ठेवलेली रांग होती. वर्तमानपत्रावर जिल्ह्यांची नावं आणि नावांपुढे आकडे होते, कसले ते शिपायांमुळे दिसत नव्हतं, आणि दिसायची गरजही नव्हती. जीव दिलेल्या शेतकऱ्यांचा तो रकाना त्या वर्षांत सगळ्यांनाच ओळखू यायचा.

"तीनशे तयार हायेत," फारुखभाई म्हणाले. "पुढचे कवा लागतीन?"

"सांगते," आचल म्हणाली. "आधी खेळून घेऊ का?"

सांगायला हरकत नव्हती. तोंड उघडायचं आणि सांगायचं. पण तिनं पिशवीतून फासे काढले, कागद काढले, आणि त्या कामात बोलायची वेळ निघून गेली.

"मी काय खेळू," आबेदाभाभी म्हणाल्या. "मले नाही येत."

"येत नाही म्हणूनच तुम्ही पाहिजेत, भाभी."

सतरंजीवर बसले. फारुखभाईंनी पाच वर्षांत हजारो शिपाई ओतले होते, पण खेळले कधीच नव्हते. तरी त्यांना माहिती बरीच. त्यांनी नेमाला सगळ्यात मोठा आकडा घेतला, बंदूक लांब पल्ल्याची घेतली, आणि नावाच्या रकान्यात 'हवालदार' लिहायला सांगितलं. आबेदाभाभी कागदाकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"माह्यावाल्याचं नाव जानराव."

"दूधवाला?" फारुखभाई हसले.

"मंग? मले दुसरं सुचत नाही." त्या आचलकडे वळल्या. "पंधरा वर्षं दूध घातलं आमच्या घरी. मंग म्हशी विकल्या, आन् दिसलाच नाही. कदी मोठ्यानं बोलला नाही बिचारा."

आचलनं लिहिलं: जानराव. धीर, चार.

"हा तिथं जायच्या आंधी काय करे?"

"कुठे?"

"लढाईवर. पयले काय करत होता?"

कागदावर तसा रकाना नव्हता. "तुम्हीच ठरवा," आचल म्हणाली.

"म्हशीच असतीन. आन् तोंडाले हे नळी लावून हाय, मंग जेवते कसा?"

दोनशे पानांत कोणी जेवत नव्हतं. हे तिच्या आत्ता लक्षात आलं. चाळीस पानं बंदुका, अकरा पानं जखमा, जखम कुठल्या अवयवाला झाली तर किती दिवस... आणि एकही माणूस जेवत नाही, झोपत नाही, कोणाला पत्र लिहीत नाही. तिनं सांगितलं, मुखवट्याला खाली झडप असते, ती उघडून खातात, पण पटकन खावं लागतं कारण बाहेर हवा नाही. आबेदाभाभींनी मान हलवली. त्यांना ते पटलं.

मग खेळ सुरू झाला. आचल सूत्रधार. बोगदा आहे, दिवे जात-येत आहेत. तुकडीत दहा जण, त्यातले तुम्ही दोघं. जमिनीखालून खरवडल्याचा आवाज. हवालदार पुढे झाला, त्यानं गोळ्या घातल्या, नेम चांगला लागला. तरी खालचे वर आले आणि पाच जण पडले. आचल हे सगळं सपाट आवाजात सांगत होती, नियमांच्या पुस्तकात असतं तसं. मग तिनं फासा पुढे केला.

"टाका, भाभी. धीराचा."

आबेदाभाभींनी फासा ओंजळीत धरून सतरंजीवर सोडला. दोन.

"भंग," आचल म्हणाली. "जानराव पळाला." आणि सवयीनं तिनं शिपाई उचलला आणि डब्याच्या झाकणात आडवा ठेवला.

आबेदाभाभी झाकणाकडे पाहत होत्या. "त्याले काहून उचललं?"

"पळाला ना तो."

"मेला का?"

"नाही."

"मंग?"

"मग... खेळातून बाहेर. पळालेला बाहेर जातो. नियम आहे तसा."

"कुठं बाहेर?" त्या म्हणाल्या. खरंच विचारत होत्या, रुसवा नव्हता त्यात. "आन् मी काय करू मंग? उठून पोळ्या टाकू?"

आचल हसली, पण हसू पुरतं आलं नाही. पळालेला बाहेर जातो— हे वाक्य आपण पूर्वीही बोललो आहोत, याच शब्दांत नाही, पण याच आवाजात... धाकट्या भावाला, बंडूला. तीन वर्षं होत आली. चांदूर बाजारजवळच्या त्यांच्या मळ्यात संत्र्याची दोनशे झाडं होती, बाबांनी, नत्थुजींनी, लग्नाच्या वर्षी लावलेली. त्या उन्हाळ्यात बोअर आटली, दुसरी मारली ती कोरडी निघाली, टँकरनं महिनाभर जगवली आणि मे महिन्यात पानं वळून काटक्या राहिल्या. बाबा म्हणाले, तोडायची. त्यांनी दिवस ठरवला, करवतवाले सांगितले, आणि बंडूला म्हणाले तू माझ्याबरोबर उभा राहशील. बंडू तेव्हा तेवीस वर्षांचा. कॉलेज सोडून मळ्यातच राबत होता, त्या झाडांना आळी करण्यात त्याची चार वर्षं गेली होती. ठरलेल्या दिवशी सकाळी तो घरात नव्हता. पहिल्या बसनं निघून गेला होता. बाबा एकटे उभे राहिले, आणि दुपारी एक बुंधा उलट्या बाजूला पडला तो त्यांच्या पायावर. आईनं, सुभद्राबाईंनी, फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, फक्त म्हणत होती, बंडू असता तर त्यानं यांना ओढलं असतं, बंडू असता तर... बाबा अजून लंगडतात. बंडूचं नाव ते घेत नाहीत. आणि त्याच संध्याकाळी बंडूचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, तू पळाला. बस्स एवढंच नाही. मी म्हणाले, आता येऊ नको. तो म्हणाला, ताई, मी... आणि मी फोन ठेवला. आता तो बडनेऱ्याला रेल्वे स्टेशनवर पार्सलच्या गाड्या ओढायच्या कंत्राटी कामावर आहे. अमरावतीतल्या तिच्या खोलीपासून दहा किलोमीटर.

"हा इथं हाय."

आबेदाभाभींनी शिपाई झाकणातून काढून पाण्याच्या पेल्यामागं उभा केला होता.

"हे टाकी समज. टाकीच्या मांगं लपला हाय तो. गेला-बिला नाही कुठं." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी खेळा तुमचं. तो सगळं ऐकून राहिला."

फारुखभाईंनी आचलकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. तिनं मान हलवली, आणि खेळ पुढे गेला, नियमाबाहेर. हवालदार उरलेल्यांना घेऊन मागे सरकत होता. तिनं फासा टाकला, खालच्यांचा वार हवालदाराच्या मांडीवर बसला. तो पडला. आता तिनं बोगद्याबद्दल सांगितलं तेव्हा तिचा आवाज आधीसारखा सपाट राहिला नव्हता. तिला टाकीमागून तो बोगदा कसा दिसत असेल ते सांगावं लागत होतं, आणि ते तिनं कधी लिहिलं नव्हतं.

"जानराव," फारुखभाई म्हणाले, आणि त्यांनी हे बायकोकडे न पाहता पेल्याकडे पाहून म्हटलं. "ये ना बावा. ओढ मले."

ब्रशानं रंगवताना करायच्या तसे डोळे आबेदाभाभींनी बारीक केले होते.

"येईन," त्या म्हणाल्या. "पन याच्यासमोर आला तं हा काय म्हनन त्याले? हे सांग आंधी. काय नियम हाये?"

"परत येता येत नाही, भाभी."

हे जरा जोरात निघालं. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"कोन म्हन्ते?"

"जुन्या खेळात नाही येत," फारुखभाई समजुतीनं म्हणाले.

"जुन्या खेळात तं तो जेवतबी नव्हता," आबेदाभाभी म्हणाल्या.

बाहेर गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. आबेदाभाभींनी शिपाई पेल्यामागून काढला, हवालदाराच्या शेजारी ठेवला, आणि नियमाची वाट न पाहता म्हणाल्या, "आला तो. हवालदार शिव्या देऊन राहिला, देऊ दे. ओढून तं नेईल." आणि त्या चहा टाकायला उठल्या.

फारुखभाईंनी सतरंजीवरचे दोन शिपाई उचलून तळहातावर घेतले. त्यांच्या अंगठ्यावर जुन्या भाजल्याचा गुळगुळीत डाग होता.

"चार जन खेळले तं चार शिपाई," ते म्हणाले. "बस ना?"

"हो."

"पयले कितीक लागत."

तिनं फासे गोळा केले. आकडा त्यांनाही माहीत होता.

"तू सांगनार कवा होती, बेटा?"

"आजच. आल्या आल्या सांगायचं ठरवलं होतं."

"मंग सांग."

मग तिनं सांगितलं. कंपनी जुना खेळ बंद करणार नाही, पण पुढचं वर्ष सगळा जोर या नव्या खेळावर. तीनशेनंतरची ऑर्डर नक्की नाही. कदाचित थोडी, कदाचित नाही. सांगताना ती त्यांच्याकडे पाहत होती, ते साच्यांकडे.

"शेंब्या बंद झाल्या ना," ते शेवटी म्हणाले, "तवा कोनी सांगाले आलं नव्हतं. पोळ्याच्या आंधीचे पंधरा दिवस मी भट्टी लावून बसलो. कोनी आलं नाही. मंग समजलं, बैलच राहिले नाहीत." त्यांनी शिपाई खाली ठेवले. "तू गाडीत बसून आली."

हे चांगलं म्हणून म्हणाले की नुसतंच म्हणाले, ते तिला कळलं नाही.

चहा पिताना आबेदाभाभींनी मध्येच विचारलं, एकाले एकच शिपाई तं मंग तोंड नाही लागनार का त्याले, मुखवटा काढून, ज्याचं त्याचं? फारुखभाई म्हणाले, तोंड मले नाही जमत, टोपाखाली सगळं झाकून जाते म्हनून तं हे काम घेतलं होतं मी. आबेदाभाभी म्हणाल्या, तुमाले नाही जमत. आणि चहा प्यायल्या. आचल म्हणाली की विचारून पाहते कंपनीला. खरंच विचारायचं असं तिनं मनात घेतलं, पण त्यातून काय होईल याचा भरवसा तिच्याकडे नव्हता आणि तो असल्यासारखं तिनं दाखवलंही नाही.

परतीला दुपारची पॅसेंजर मिळाली. खिडकीतून वेचून झालेल्या कपाशीची शेतं जात होती, पऱ्हाट्या तशाच उभ्या, कुठे कुठे त्यांत गुरं सोडलेली. तिनं वही मांडीवर घेतली आणि लिहिलं: भंग. खाली रेघ मारली. 'धीराचा फासा हुकल्यास पात्र पळते. पळालेले पात्र...' आणि पेन थांबलं.

त्या दिवशी ती पुण्यात होती. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, पण आजपर्यंत ते तिनं कधी त्या दिवसाच्या शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. कंपनीच्या मागच्या खोलीत, मोठ्या टेबलापाशी, नवव्या फळीची दुसरी आवृत्ती तपासत होते. एसी चालू होता. आईचा फोन आला तेव्हा तिची चाल व्हायची होती. मग संध्याकाळी बंडूचा. ती खोलीच्या दारात उभी राहून बोलली, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पट्टी होती, इंचांची, चालीचं अंतर मोजायची... तू पळाला. आता येऊ नको. किती सेकंद लागले? आत कोणीतरी म्हणालं, आचल, तुझी पाळी, आणि ती आत गेली आणि खेळली. चांगली खेळली, असं आठवतं. बाबांचा दिवस ठरल्याचं तिला आठवडाभर आधी कळलं होतं. बाबांनी तिला ये म्हटलं नव्हतं, मुलीला कशाला; तिनंही येऊ का विचारलं नव्हतं. दोनशे झाडं पडताना त्यांच्याजवळ घरचं कोणीच नव्हतं, त्या नसलेल्यांत एक बंडू होता आणि एक मी. पण मी टेबलाच्या बाजूला उभी होते, वरून पाहत होते... टेबलाच्या बाजूला उभं राहणाऱ्याला स्वतःच्या धीराचा फासा कुठे टाकावा लागतो.

तिला या विचाराचा राग आला. असं सगळं आपल्यावर ओढून घेणं हीही एक पळवाटच, असं तिला वाटलं. आणि बाबांचा पाय खरा होता, आईचा तो आवाज खरा होता. बंडू गेला होता हेही खरंच. यातलं काही पुसायचं नव्हतं. तिनं 'पळालेले पात्र' खोडलं. मग लिहिलं, 'पळालेल्या पात्राच्या खेळाडूला सूत्रधाराने विचारावे:' आणि पुढे आबेदाभाभींचाच प्रश्न आपल्या शब्दांत लिहिला, कारण दुसरा सुचेना. 'तू आता कुठे आहेस?'

माना स्टेशनवर गाडी थांबली. मागून एखादी जलद गाडी जायची असावी, बाजूची लाईन रिकामी होती आणि माणसं उतरून प्लॅटफॉर्मवर उभी राहिली होती. बडनेरा अजून तासाभरावर. तिथं उतरून अमरावतीची गाडी धरायची, नेहमीसारखी. पार्सलच्या बाजूचा जिना टाळून दुसऱ्या जिन्यानं जायचं, हेही नेहमीसारखंच.

बंडूनं धरलेली ती सकाळची पहिली बस. ती कुठे जाते? चांदूर बाजारला, तिथून पुढे अमरावती, परतवाडा, मोर्शी, कुठेही. संध्याकाळी त्याचा फोन आला तोवर दिवस गेला होता, आख्खा, मे महिन्यातला. तेवढा वेळ तो कुठे होता? कोणाच्या घरी गेला, की स्टँडवरच बसला, की... मळ्याच्या अलीकडे नाल्याजवळ उतरला असेल, तिथून करवतीचा आवाज येतो. ती विचार करत राहिली आणि तिला कळलं की तिला माहीत नाही. आईला माहीत नव्हतं, बाबांना नव्हतं. तीन वर्षांत त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं. तो काय करून बसला ते सगळ्यांना पाठ होतं, आणि तो ताई, मी... म्हणून थांबला होता, म्हणजे मी थांबवलं होतं, तिथं पुढे काय होतं ते कोणालाच...

समोरच्या बाकावरच्या बाईनं डबा उघडला आणि तिला विचारलं, खाता का. आचलनं अर्धी पोळी घेतली. पोळी खाताना ती जुळवून पाहत होती. बंडू कधी समोर आला तर काय बोलायचं ते तीन वर्षं तिच्याजवळ तयार असायचं, पूर्ण वाक्यांत, एकामागून एक, अगदी त्यानं मध्ये काही म्हटलं तर त्याचं उत्तरसुद्धा. आता तिनं ती वाक्यं शोधली तर त्यातलं एकही हाताला लागेना, आणि त्या जागी दुसरं काही आलेलं नव्हतं. तो समोर आला तर आता नुसतं बसून त्याचं ऐकावं लागेल. तिला त्याची भीती वाटली, बरीच वाटली, आणि गाडी अजून उभीच होती.